मुळशीचं गवती घर, 1:24 : उतार सापडला

मुळशीतल्या आमच्या जुन्या गवती घराचं चोवीस पट लहान मॉडेल करतोय. तीन आठवडे त्याची नोंद टाकली नाही, कारण दाखवण्यासारखं काही हाती नव्हतं. छपराची उजवी उतरती बाजू, म्हणजे उजवं पाखं, चौथ्यांदा उचकटलं होतं. परवा रात्री मात्र कोडं सुटलं, तेही गवतात नाही, छपराचा भार घेणाऱ्या खांबांत, म्हणजे मेढींत.

मागच्या नोंदीत माझी तक्रार ही होती की गवत चढवलं की छप्पर सुजल्यासारखं दिसतं. मूळ घरावर नऊ इंच जाडीचं गवत धरलं, म्हणजे मॉडेलवर साडेनऊ मिलिमीटर. हिशेब बरोबर होता, तरी डोळ्यांना पटत नव्हतं. त्यात मी सिरिंजने पाणी सोडून बघितलं, तर ते थेट माजघरात टपकलं. गवत बदललं, थर वाढवले, फरक शून्य.

पाण्याची परीक्षा मुळातच चुकीची होती, हे आधी सांगतो, म्हणजे कुणी त्यात वेळ घालवू नये. आपण घर चोवीस पट लहान करतो, पण थेंब लहान होत नाही. बारीक धाग्यांमधल्या फटी पाणी शोषून धरतात आणि ते उतरण्याऐवजी आत झिरपतं. खऱ्या छपरावर गवत पाणी अडवत नाही, एका काडीवरून दुसऱ्या काडीवर देत देत वळचणीपर्यंत, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपर्यंत पोचवतं. त्यासाठी उतार खडा हवा. उतार कमी असला की पाणी रेंगाळतं आणि गवत कुजतं.

आणि माझा उतार निघाला 29 अंश! गेल्या दिवाळीत गावातलं आमचं जुनं घर मोजलं तेव्हा आढं (छपराचं सगळ्यात वरचं आडवं लाकूड) जमिनीपासून 14 फूट, बाजूच्या मेढी 9 फूट आणि दोन्हींमधलं अंतर 9 फूट भरलं होतं. तीच मापं मी इमानदारीने उतरवली. पण ते माप कौलारू घराचं होतं. मंगलोरी कौलांना एवढा उतार पुरतो, मुळशीच्या पावसात गवताला पुरत नाही. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस होतो, ताम्हिणीकडे त्याच्या कितीतरी पट.

उलगडा आत्याने केला. फोनवर सांगाड्याचा फोटो बघून ती म्हणाली, "आरं, हे इतकं उंच कसं? वळचण लागायची डोक्याला. वाकूनच शिरायचं घरात." तिचं लहानपण त्याच घरात, गवताखाली गेलंय. मी जुने फोटो पुन्हा काढले. बाजूच्या प्रत्येक मेढीला साडेपाच फुटांवर जोड आहे, खाली ऐनाचं लाकूड, वर सागाचा तुकडा. मी ती डागडुजी समजून सोडून दिली होती. सगळ्या मेढींना एकाच उंचीवर डागडुजी कशी लागेल? कौलं आली तेव्हा मेढी वाढवून उतार कमी केलेला आहे. वाशांवरही, म्हणजे आढ्यावरून खाली उतरणाऱ्या तिरक्या दांड्यांवरही, पुरावा होता. सुंभाचे वळ नऊ-नऊ इंचांवर आहेत, तर कौलांच्या रिपा (कौलं टेकतात त्या पट्ट्या) फुटाहून किंचित जास्त अंतरावर. ते वळ गवताच्या कांबी, म्हणजे बांबूच्या आडव्या पट्ट्या, बांधल्याचे.

आता हिशेब असा: 14 वजा साडेपाच, साडेआठ फुटांची चढण, 9 फुटांत. उतार 43 अंश. दीड फूट पाखं पुढे काढलं की वळचण जेमतेम चार फुटांवर येते, मॉडेलवर दोन इंच. नुसता सांगाडा उभा केला आणि घर एकदम ओळखीचं वाटायला लागलं. मातीच्या कुडाला (काड्यांवर माती लिंपलेल्या भिंतीला) झडीपासून वाचवायला छप्पर इतकं खाली का ओढतात, तेही नीट दिसलं. त्या रात्री मी बराच वेळ दिवा न मालवता नुसता बघत बसलो होतो.

गवताचं सांगतो. ऑनलाइन मिळणारं तयार 'मॉडेल ग्रास' घेऊ नका, नायलॉन आहे, चकाकतं. काथ्या जाड पडतो, वाखही जाडच. दोन मिलिमीटरची काडी 1:24 मध्ये 0.08 होते, त्याच्या जवळ जातो तो ताग. ओला करून लिखांच्या फणीने विंचरला की लव निघते. पांढऱ्या गोंदाने तो काळपट आणि चमकदार होतो, म्हणून पिठाची खळ वापरली. अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरने खळीत चिमूटभर मोरचूद घालायला सांगितलं, कसर लागत नाही. मोरचूद विषारी आहे, भांडं आणि चमचा वेगळा ठेवा. बोहरी आळीतून आणलेला अर्ध्या मिलिमीटरचा ड्रिल बिट अजून तुटलेला नाही, कांबी बांधायची भोकं त्यानेच पाडली.

कूड झाला. कारवीच्या काड्यांऐवजी खराट्याचे हीर, वर वस्त्रगाळ माती आणि शेण. तिसऱ्या हातानंतर तडे थांबले. आढ्याखाली आतून काजळ फिरवायचं आहे, कारण चुलीचा धूर गवतातूनच बाहेर जायचा आणि किडीलाही दूर ठेवायचा.

पुढचा बेत डावं पाखं शाकारण्याचा होता. पण हे लिहिताना सुचलं की मेढींचा वरचा तुकडा पिनेवर बसवला तर याच सांगाड्यावर दोन्ही घरं दाखवता येतील, गवताचं आणि कौलांचं. वासे मात्र दोन जोड लागतील, गवताचे लांब, कौलांचे आखूड. म्हणजे शाकारणी थांबवून आधी मेढी कापायच्या. बांबू पुरणार नाही, बुरूड आळीत पुन्हा जावं लागेल.

रविवारी आत्या येणार आहे. गव्हाण कुठल्या भिंतीला होती ते तिला विचारून मगच गोठा चिकटवेन.