किल्ल्यावरची शाळा आणि किल्ल्यावरचं पाणी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर शाळा आहे म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात, ‘मुलं महालात झोपतात?’ नाही. मानसिंह तोमर राजाचं मानमंदिर, म्हणजे तो महाल, वसतिगृहाला सोयीचंही नाही: खोल्या लहान, जिने अरुंद, तळघरं अंधारी. सिंधिया स्कूल बसली ती इंग्रजांच्या जुन्या बराकींत. 1858 नंतर किल्ला त्यांच्या ताब्यात होता, 1886 मध्ये झाशीच्या बदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला. माधवराव शिंद्यांनी सरदारांच्या मुलांसाठी 1897 मध्ये काढलेली शाळा 1908 मध्ये वर आली. ‘सरदार स्कूल’चं ‘सिंधिया स्कूल’ झालं 1933 मध्ये.

बराक म्हणजे ओळीनं पलंग लावता येतील अशी लांब खोली. फौजेसाठी बांधलेली जागा, म्हणून मुलांनाही चालली.

या सपाट डोंगरावर माणसं मुळात राहू शकली ती मात्र तळ्यांमुळे. वर नदी नाही, झरा नाही. जुलै ते सप्टेंबरात पडेल ते पाणी धरायचं आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत पुरवायचं. कडेला पायऱ्या का, तर पाणी उतरत जातं तसं माणसालाही खाली उतरता यावं. शत्रू पायथ्याशी महिनोन्महिने बसला तर हाच साठा कामी येई.

अशा साठ्याला दोन रोग. वाळूच्या दगडाला भेगा असतात, त्यातून पाझर. दुसरा गाळ: भोवतालची माती पावसाबरोबर आत येते, तळ भरतो, वरून तळं भरलेलं दिसतं आणि उन्हाळ्यात लवकर आटतं. म्हणून साफसफाई तळ्यापुरती करून भागत नाही, पाणी जिथून वाहत येतं तो उतारही स्वच्छ हवा. उघड्या पाण्याला ऊनही खातं, आणि इथला पारा 45 अंशांवर जातो. मानमंदिराजवळची अस्सी खंबा बावडी त्यासाठी बघावी, तिथं पाण्यावर सावली आहे.

सूरजकुंड गुरुद्वाऱ्याजवळ आहे. सूरजसेन राजाचा कुष्ठरोग गेला तो याच पाण्यानं, अशी कथा. ते पाणी देणाऱ्या ग्वालिपा साधूच्या नावावरून गावाचं नाव पडलं म्हणतात.

शहराच्या लश्कर भागातून येणार असाल तर गाडीरस्ता उरवाई दरवाज्यानं, वाटेत जैन मूर्ती लागतात. ग्वालियर दरवाज्यानं पायी चढ आहे, उन्हाळ्यात सकाळीच गाठा. याच वाटेवर चतुर्भुज मंदिर आहे, त्यातल्या सन 876 च्या लेखात 270 आणि 50 हे आकडे शून्यासकट कोरलेत. शाळेच्या आवारात मात्र परवानगीशिवाय सोडत नाहीत.