‘कर्ज मिटवून देतो’ म्हणणारा फोन आणि बँकेशी झालेली माझी बोलणी

कर्ज थकलं की पहिला फोन वसुलीचा येतो. दुसरा येतो तो ‘आम्ही तुम्हाला यातून सोडवतो’ म्हणणाऱ्याचा. आम्हाला दोन्ही आले. माझ्या नवऱ्याचं भोसरीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर ते काही महिने बंद राहिलं आणि पर्सनल लोनचे हप्ते नि क्रेडिट कार्डाचं बिल थकलं. घरचे पैशाचे व्यवहार मी बघते, त्यामुळे फोनही मीच घ्यायचे.

सोडवणाऱ्याचा आवाज फार गोड होता. “वहिनी, साहेबांची तब्येत बरी नाही, टेन्शन घेऊ नका. एकूण थकबाकीच्या चाळीस टक्क्यांत सगळं सेटल करून देतो.” बँकेचं नाव त्याने अचूक सांगितलं, थकबाकीचा आकडाही जवळपास बरोबर सांगितला. ऐकणाऱ्याला वाटावं, हा आतलाच माणूस. पण आपण आपला पॅन आणि मोबाइल नंबर किती ठिकाणी देऊन बसलेलो असतो! लोन मिळवून देणारे एजंट, मोबाइलमधली लोन ॲप, ‘फुकट स्कोअर बघा’ म्हणणाऱ्या वेबसाइट. आपली माहिती त्याच्याकडे आहे एवढ्यावरून तो बँकेचा ठरत नाही, हे मी मनाशी पक्कं धरलं होतं.

मग त्याने व्हॉट्सॲपवर एक पत्र पाठवलं. वर रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का, मध्ये ‘कर्जमाफी प्रमाणपत्र’. त्यासाठी आधी ‘फाइल चार्ज’ भरायचा, वर अठरा टक्के जीएसटी, तोही एका व्यक्तीच्या यूपीआयवर आणि आजच्या आज. रिझर्व्ह बँक कुणा एकाचं कर्ज माफ करत नाही, तसं प्रमाणपत्रही देत नाही. सेवा शुल्क किंवा कायदेशीर शुल्काच्या नावाखाली पैसे घेऊन अशी प्रमाणपत्रं वाटणाऱ्यांना तसा कसलाही अधिकार नाही, असा इशारा तिने ११ डिसेंबर २०२३ रोजी जाहीरपणे दिला आहे आणि अशांची तक्रार पोलिसांकडे करायला सांगितलं आहे.

पैशापेक्षाही त्याच्या दोन सूचना मला जास्त घातक वाटल्या. एक, बँकेशी अजिबात बोलू नका, आमचा वकील बोलेल. त्यासाठी कुलमुखत्यारपत्रावर सही करा. दुसरी, उरलेले हप्तेही थांबवा आणि ते पैसे दरमहा आमच्याकडे जमा करा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीत धरलेल्या कर्जांत जातं. ऑटो-डेबिट परत गेलं की बँक दंड लावते. शिवाय २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तो चेक बाउन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो, त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणजे यांच्या सल्ल्याने चालणारा माणूस आणखी खोलात जातो आणि बँकेशी असलेलं बोलणंही तुटतं.

मी त्याला म्हटलं, “बँकेने तुम्हाला नेमल्याचं पत्र पाठवा, मी शाखेत दाखवून खात्री करते.” गोडवा तिथेच संपला. उद्या पोलीस घेऊन माणसं दारात येतील, वर्कशॉपला सील लागेल, असं काय काय बोलला. बिनतारण कर्ज थकलं म्हणून बँक पोलीस पाठवत नाही. खऱ्या वसुली एजंटलाही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर थकबाकीसाठी फोन करायची परवानगी नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तो फोन आला होता रात्री नऊ वाजता.

नंबर, पत्र, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट ठेवले आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेवर, जिथे संशयास्पद फोन-मेसेज कळवता येतात, त्या नंबरची तक्रार केली. वर्कशॉपच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या दादांनी मात्र अशाच कुणाला पैसे भरले होते. त्यांना नंतर ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असाही फोन आला. तीच टोळी किंवा तिचेच भाऊबंद. दादांना समोर बसवून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायला लावला. पैसे गेल्यावर हा फोन जितक्या लवकर होईल तितकी ते पुढच्या खात्यात अडवले जाण्याची शक्यता जास्त. त्यांच्या बाबतीत बराच उशीर झाला होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

खरी बोलणी शाखेतूनच सुरू झाली. तोंडी काहीच केलं नाही. हॉस्पिटलची डिस्चार्ज समरी, बिलं, वर्कशॉपच्या खात्याचं स्टेटमेंट असं सगळं जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. अर्जात एवढंच लिहिलं: काय झालं, आता महिन्याला किती भरता येईल, कधीपासून. फोनवरच्या माणसाने चाळीस टक्के सांगितले तेव्हा एक गोष्ट गाळली होती. सेटलमेंट केलं, म्हणजे बँकेने कमी रक्कम घेऊन खातं मिटवलं, की सिबिलच्या (कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या) अहवालात खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो आणि पुढे वर्षानुवर्षं कर्ज मिळणं अवघड होतं. नवऱ्याला मशिनसाठी पुन्हा बँकेकडेच जावं लागणार होतं. म्हणून पर्सनल लोनची मुदत वाढवून हप्ता कमी करून घेतला. एका कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून घेतली, कारण कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात जातं. दुसऱ्या कार्डाचं ओझं झेपण्यासारखं नव्हतं, तेवढ्यापुरतं सेटलमेंट मान्य केलं.

त्यातही बँकेच्या लेटरहेडवर पत्र येईपर्यंत रुपया भरला नाही. पत्रात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, भरण्याची तारीख आणि ‘यानंतर काही देणं उरणार नाही’ हे वाक्य आहे ना, ते पाहिलं. तेच पत्र शाखेत नेऊन खरं असल्याची खात्री केली. पैसे थेट कार्डाच्या खात्यात भरले. वसुलीचा माणूस ‘माझ्याकडे द्या, मी भरतो’ म्हणत होता, त्याला नाही म्हटलं.

दरम्यान वसुलीचे फोन नातेवाइकांना जायला लागले होते. त्याबद्दल बँकेकडे लेखी तक्रार केली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून बहुतेक बँकांसाठी ही एकच योजना आहे, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. मात्र किती सूट द्यायची हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही. त्रासाच्या तक्रारीची दखल घेतो. आमच्यावर तिथपर्यंत जायची वेळ आली नाही, फोन थांबले.

आमच्या ओळखीतल्या एकांनी आपलं प्रकरण राष्ट्रीय लोकअदालतीत मिटवलं. तिथे कोर्ट फी लागत नाही आणि झालेल्या निवाड्यावर अपीलही होत नाही, म्हणून सही करण्याआधी आकडे नीट वाचावे लागतात. कुठे जायचं कळत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० वर फुकट सल्ला मिळतो.

सेटलमेंटनंतर नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घेतलं. मग क्रेडिट रिपोर्ट काढला. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्या कार्डापुढे अजून थकबाकी दिसत होती. सर्टिफिकेट जोडून ब्युरोकडे दुरुस्तीचा अर्ज केला, त्यावर बँकेकडून खात्री करून घेऊन त्यांनी नोंद बदलली.