खिशातला खर्च कमी झाला, मग तुम्ही खूश का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहितो. आरोग्यावरचा सरकारी आणि खासगी खर्च हा विषय शिकवतो म्हटलं की प्रश्न ठरलेला असतो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के खर्च २०१३-१४ मध्ये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. सरकारचा वाटा २८.६ वरून ४८ टक्क्यांवर गेला. मग सर, तुमची कुरकुर अजून कसली?

आकडे खोटे नाहीत. खिशातल्या खर्चाचा हा उतरता रकाना मीच वर्गात फळ्यावर लिहीत आलोय आणि लिहिताना मला मनापासून बरं वाटायचं. २०२१-२२ हे कोविडचं वर्ष होतं, सरकारी पैसा एरवीपेक्षा जास्त ओतला गेला होता, हेही सांगायचो. पण पटकन सांगून पुढे जायचो. 

वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून स्टेंट बसला. एक रुपया लागला नाही. २०१२ साली ही योजना वेगळ्या नावानं सुरू झाली तेव्हापासून मी तिची बाजू घेत आलोय. त्या दिवशी बिलाच्या खिडकीपाशी उभा असताना आपलं बरोबर होतं, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं होतं.

घरी सोडल्यावर थोड्या दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. पुढच्या रोजच्या गोळ्या मात्र त्यांना योजनेतून मिळाल्या नाहीत. योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटची. गोळी कायमची आणि ती आपल्या पैशानं.

अकरा महिन्यांनी दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत. दिवस झाल्यावर कपाट आवरताना त्यांचं चष्म्याचं घर उघडलं, तर आत अर्ध्या-अर्ध्या गोळ्या. सुरीनं कापलेल्या नव्हत्या, अडकित्त्यानं. कडा चुरलेल्या, तळाशी पांढरी भुकटी. शेजारी हिशोबाची वही. त्यात दूध, वीजबिल आणि एका ओळीत त्यांच्या अक्षरात: ‘गोळ्या १५ दिवसांच्या. महिना काढायचा.’

मी पैसे पाठवत नव्हतो असं नाही. दर महिन्याला पाठवत होतो. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारतही होतो, ते ‘घेतो’ म्हणायचे. खोटं नव्हतं ते. ‘जनऔषधीच्या स्वस्त सरकारी दुकानातून का नाही आणल्या?’ असं विचारणारेही भेटतात. विचारा. मीही स्वतःला विचारतो. अर्ध्या गोळीमुळेच ते गेले, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही आणि मीही म्हणणार नाही. ते जन्मभर काटकसरीनं जगले. अख्खी गोळी फुकट मिळाली असती तरी त्यांनी ती अर्धी केली असती का? कधी वाटतं हो, कधी वाटतं मी हे स्वतःच्या सोयीसाठी म्हणतोय.

पण तेव्हापासून तो रकाना मला पूर्वीसारखा वाचता येत नाही. खिशातून किती गेलं, याचा अंदाज कुटुंबांच्या पाहणीवरून बांधतात. पाहणीला माणूस आला असता तर वडिलांनी पंधरा दिवसांच्या गोळ्यांचेच पैसे सांगितले असते. उरलेल्या पंधरा दिवसांचा खर्च शून्य. सरकारनं बिल भरलं म्हणूनही आकडा उतरतो आणि माणसानं औषध घेतलं नाही म्हणूनही उतरतो. ३९.४ मध्ये यातलं कुठलं किती, हे तक्ता बघून मला सांगता येत नाही. सगळी घसरण अशीच झाली, असंही मी म्हणत नाही. स्टेंट खरंच बसला होता.

त्यांनी फोन केला असता तर मी त्याच दिवशी जास्तीचे पैसे पाठवले असते. ते पैसे खिशातला खर्च म्हणून धरले गेले असते आणि तुमचा तक्ता तेवढा वाईट दिसला असता. तो वाईट तक्ता मला हवा होता.