विमानातल्या मासिकात आमचा गिरगाव वॉक छापून आला, माझा अनुभव

विमानातल्या मासिकात वॉक कसा छापून आणला असं बरेच जण विचारतायत, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते. मी आणि माझा मावसभाऊ शनिवार-रविवार गिरगावात हेरिटेज वॉक घेतो, खोताची वाडी, फणसवाडी, केशवजी नाईक चाळ असा. बाहेरगावचे लोक यावेत असं फार वाटायचं आणि जाहिरातीला पैसे नव्हते.

पहिली गोष्ट, एअरलाइनच्या कस्टमर केअरला मेल टाकून काही होत नाही. मासिक एअरलाइनच्या नावाचं असलं तरी बऱ्याचदा ते काढणारी कंपनी वेगळीच असते. अंकात कुठेतरी बारीक अक्षरात संपादक, प्रकाशक, मुद्रक छापलेले असतात, ते पान शोधा. विमानाने जाणाऱ्या एका मैत्रिणीला सांगून मी त्या पानाचा फोटो मागवला आणि थेट संपादकांना मेल केला.

आता मेलमध्ये काय लिहायचं, तर खरी मेख इथेच आहे. आमचा वॉक किती छान, यात त्यांना काडीचा इंटरेस्ट नसतो, त्यांना हवं असतं की त्या महिन्यात प्रवाशाने मुंबईत उतरून काय बघावं. म्हणून मी वॉकचं नाव शेवटी टाकलं आणि सुरुवातच केली १८९३ पासून, म्हणजे केशवजी नाईक चाळीच्या सार्वजनिक गणपतीपासून, आणि सोबत एकच फोटो, कठड्यावरून खाली वाकून आरती बघणाऱ्या चाळीतल्या आज्या. त्यांना विचारूनच काढलेला हं, ते आधी करा. उत्तर आलं ते त्या फोटोमुळेच असं मला अजून वाटतं.

अंक दोन-तीन महिने आधीच ठरतो, तेव्हा गणपतीचं पान हवं असेल तर आषाढ लागायच्या आत मेल गेलेला बरा. फोटो ओरिजिनल फाइलच पाठवा, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) मागतात, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेला दाबला जातो, छपाईला उपयोगाचा नाही.

मधे एका एजन्सीचा फोन आला, पैसे भरा, दोन पानं देतो म्हणे. ती जाहिरात झाली, आम्ही सरळ नाही म्हटलं. संपादकांनी घेतलेल्या मजकुराला आम्हाला एक रुपयाही लागला नाही.

आणि हो, नुसत्या क्यूआर कोडवर राहू नका, वर नेट असेलच असं नाही. आम्ही फोन नंबर ठळक छापायला सांगितला, लोक पानाचा फोटो काढून ठेवतात आणि उतरल्यावर फोन करतात. नागपूर, इंदूर, कोचीहून आले की हो फोन!