सहाचे दहा: फोनवर अंक सांगण्याचा माझा अनुभव

तक्रार नोंदवण्यासाठी फोन लावला, भाषा निवडली, तक्रारीचा प्रकार सांगितला. इथवर काहीच अडले नाही. मग पलीकडच्या, बोलणे ओळखणाऱ्या यंत्राने १२ अंकी ग्राहक क्रमांक तोंडी सांगायला सांगितले आणि पुढची पंचवीस मिनिटे मी तिथेच अडकून पडले.

सवयीप्रमाणे मी क्रमांक जोडीजोडीने, ‘सदुसष्ट, एकोणसाठ’ असा सांगितला. एकोणसाठमध्ये कानाला साठ ऐकू येतात आणि लिहायचे असतात ५९. यंत्राने ६० वाचून दाखवले. ‘नाही’ म्हटल्यावर चुकलेली जोडी तेवढी दुरुस्त करण्याची सोय नव्हती, बाराही अंक पुन्हा सांगायचे होते. मग मी एकेक अंक सांगू लागले, तर सहाचे दहा होऊन १२ अंकांचे १३ झाले. पारंपरिक टेलिफोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (सेकंदाला तेवढी कंपने) एवढ्याच पट्ट्यातला आवाज वाहून नेतो आणि ‘स’च्या सूत्काराचा मोठा भाग त्या पट्ट्याच्या वरच राहतो, हे मी नंतर वाचले. वाक्यातला एखादा शब्द अस्पष्ट आला तरी मागच्यापुढच्या शब्दांवरून तो ओळखता येतो; अंकांना असा शेजाऱ्यांचा आधार नसतो.

चिडून मी ओरडून, अक्षरे ताणून बोलले, तेव्हा चुका वाढल्याच. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले १९५२ सालचे ‘ऑड्री’ हे यंत्र ठरावीक माणसाने थांबून थांबून उच्चारलेले अंक ओळखत असे; मी मात्र दोन अंकांमध्ये जरा जास्त थांबले की बोलणे संपले असे समजून हे यंत्र मला मध्येच तोडत होते. अंक सुटे सांगावेत, पण नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने. फोन स्पीकरवर ठेवू नये, हे खरे तर आधीच सांगायला हवे होते.

अखेर वैतागून, कोणी सांगितलेले नसताना, मी क्रमांकाची बटणेच दाबली आणि तो पहिल्याच फटक्यात स्वीकारला गेला. प्रत्येक बटणाचे दोन ठरलेले स्वर एकदम वाजतात आणि ते दोन्ही टेलिफोनच्या पट्ट्यात आरामात बसतात, त्यामुळे तिथे सहा आणि दहाचा घोळ संभवत नाही. ही सोय आहे, एवढे एक वाक्य सुरुवातीलाच ऐकवायला काय हरकत होती, हे मला अजून उमगलेले नाही. फोन लावण्यापूर्वी कागद-पेन मात्र हाताशी ठेवावे, कारण तक्रार क्रमांक यंत्राने एकदाच आणि भरभर सांगितला.