आमची वाटचाल : सड्यावरचं दुकान

दुकानाला 30 वर्षं झाली तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, लिहून ठेवा." मी म्हटलं, किराणा दुकानात लिहिण्यासारखं काय असतं? सगळं उधारीच्या वहीत लिहिलेलं असतंच की. पण वहीत नाही अशा दोन-तीन गोष्टी आहेत, आणि त्या सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

सुरुवात 1994 च्या गणपतीच्या आधी, वाशिष्ठीच्या खाडीकाठी, तांडेलचाचांच्या पडवीत. पडवी त्यांची, होडी त्यांची, भांडवल माझं : सहा हजार रुपये, तेही आईच्या पाटल्या मोडून. नफ्यात निम्मे-निम्मे. कागद केला नाही. चाचा दाभोळहून भरतीच्या वेळी होडी लावायचे. पोती उतरवताना एकाही पोत्याला खारं पाणी लागू द्यायचे नाहीत, मग स्वतः कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायला लागलं तरी चालेल. शिकवलं त्यांनीच. मीठ आणि गूळ एका भिंतीला ठेवायचे नाहीत. तांदळाचं पोतं घेताना वरचा दाणा बघायचा नाही, पोकळ सळी मधोमध खुपसून आतला काढायचा. नवी दुकानं टाकणाऱ्या पोरांना आजही सांगतो, सळी विकत घ्या, मोबाइलवर भाव काय बघता!

वजनं वडिलांची होती, त्यांच्या फिरत्या धंद्यातली. लोखंडी, पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत. बुडाशी शिशाचा गोळा, त्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का. आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे आणि दरवर्षी तपासून घेतो. तरी जुना तराजू खुंटीवर टांगलेला आहे. वरच्या वाडीतल्या काकींना काट्यावरचे लाल आकडे पटत नाहीत. त्यांना पारडं खाली गेलेलं दिसावं लागतं. मी त्यांची डाळ दोनदा जोखतो.

2010 च्या पावसात पडवीची भिंत बसली. चाचा तोवर गेले होते आणि त्यांचे मुलगे आखातात. मी म्हटलं, तिथेच धक्क्याजवळ चार चिऱ्यांचं स्वतःचं दुकान बांधू. तेव्हा सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचा नियम, हा शब्द पहिल्यांदा नीट कळला. 1991 पासून होताच, 2011 च्या जानेवारीत नवी अधिसूचना आली. खाडीला तेव्हा भरतीरेषेपासून 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते, तेवढ्यात बांधकामाला बंधन होतं. माझी जागा 30 मीटरवर. किनाऱ्यालगतच्या ना-विकास पट्ट्यात गावकऱ्यांसाठी काय बांधता येईल याची यादी एका ओळखीच्या ड्राफ्ट्समनने वाचून दाखवली. दवाखाना, शाळा, पावसाचा निवारा, सार्वजनिक शौचालय, पूल, रस्ते, स्मशानभूमी. मी तीनदा विचारलं, किराणा दुकान कुठाय? नाही. म्हणजे मेल्यानंतरची सोय यादीत आहे, त्याआधीच्या तांदळाची नाही. किनारा राखायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. लाटा कुठवर येतात ते आम्ही पाहिलंय. पण 200 फुटांच्या दुकानाने समुद्राचं काय जाणार होतं?

मग वर सड्यावर, डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, गेलो. आईचंही नाव लागलेली वरकस जमीन होती, नाचणीसुद्धा धड होत नव्हती. तिथे जांभ्याचं दुकान बांधलं, 220 चौरस फूट. पंचायतीचा ना हरकत दाखला घेतला आणि समजलो की झालं. इथेच चुकलो.

देशावरच्या वाचकांना हे कळायचं नाही. तिकडे गाव म्हणजे एकाला एक लागून घरं. आमच्याकडे गावठाण म्हणजे नकाशावरचा ठिपका. देऊळ, शाळा, चार घरं, संपलं. बाकी गाव वाड्या-वाड्यांत आपापल्या आंब्याच्या कलमांत विखुरलेलं, आणि ती सगळी जमीन कागदावर शेतीची. म्हणजे नियमाने दुकान कुठे चालेल, तर ठिपक्यावर. ठिपक्यावर दुकान होतंच, हमरस्त्याला लागून, शेठचं. आणि माणसं राहतात सड्यावर, अडीच किलोमीटर चढ चढून.

शेठचं नाव लिहिणार नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे. 2013 च्या मे महिन्यात मी आगोट भरली. पावसाळ्याचे चार महिने एसटीचा भरवसा नाही, त्यामुळे वाडीचा सगळा शिधा मेअखेर दुकानात यावा लागतो. तांदळाची 40 पोती, तूरडाळ, गूळ, मीठ, मिरच्या, काड्यापेट्या, रॉकेलच्या बत्त्यांच्या वाती. निम्मा माल उधारीवर. आणि 11 जूनला नोटीस : शेतजमिनीचा विनापरवाना बिगरशेती वापर. अर्ज शेठचा, त्यावर सह्या त्याच्या दोन भाच्यांच्या. पंचनामा झाला, कुलूप पडलं, माल आत.

कुलूप उघडून माल काढायची परवानगी मिळायला 19 दिवस गेले. पावसाळ्यातले 19 दिवस. गुळाला पाणी सुटून ते जमिनीवर पसरलं होतं, मुंग्यांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत. डाळीत जाळ्या. उधारीची वही भिजून तिचा लगदा झालेला. 34 पोती तांदूळ वाचला, तो आमच्या माजघरात रचला. आम्ही सहा महिने पोत्यांच्या मधे झोपलो.

एनएचा, म्हणजे बिगरशेती परवानगीचा, अर्ज केला. जमीन महसूल संहितेच्या 44 व्या कलमात तेव्हा होतं की 90 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. मी कॅलेंडरवर फुल्या मारत होतो. 82 व्या दिवशी त्रुटीचं पत्र आलं : सातबारा सामाईक आहे, सहहिस्सेदारांची संमती जोडा. आईसकट बारा नावं, त्यातली अकरा मुंबईत. लालबाग, नालासोपारा, दिवा, एक भांडुपला. पॅसेंजरने चार खेपा केल्या. एका चुलतभावाने चहा दिला, बिस्किटं दिली आणि म्हणाला, "आधी खालच्या कलमांचा माझा हिस्सा बोल." बोललो. दोन कलमं त्याला सोडली. तुम्हीही ऐका. सातबारा सामाईक असेल तर वाटप म्हातारी माणसं जिवंत असताना करून घ्या. नंतर प्रत्येक सहीला आंब्याचं झाड लागतं.

दुकान बंद होतं तेवढे महिने सड्यावर काय मिळत होतं सांगू? शाळेपाशी चाकांवरची टपरी होती. तिला एनए नको, नकाशा नको. तिथे कुरकुऱ्यांच्या माळा, गुटखा, रंगीत सरबताच्या पिशव्या, पाच रुपयांची बिस्किटं. तूरडाळ नाही, कांदा नाही. चिप्स सड्यावर चढले, तांदूळ खालीच राहिला. रेशन दुकान गावठाणात, महिन्यातून एकदा. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीने अर्धा किलो डाळीसाठी एसटीने जायचं, शेठ सांगेल तो भाव द्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीची वाट बघायची.

मुलीने पुण्यात नगररचना शिकताना सांगितलं की याला जगात नाव आहे, अन्नाचं वाळवंट. मी हसलो. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात वाळवंट! पण ती सांगत होती ते ऐकण्यासारखं होतं. न्यूयॉर्कमध्ये 2009 पासून काही वस्त्यांत असा नियम आहे की इमारतीच्या तळमजल्यावर ताजी भाजी-फळं ठेवणारं किराणा दुकान काढलं, तर बिल्डरला वर जादा बांधकाम करू देतात आणि पार्किंगची अटही सैल करतात. मात्र दुकान किमान सहा हजार चौरस फुटांचं हवं. माझ्यासारखी 27 दुकानं त्यात बसतील. मिनिआपोलिस नावाच्या शहराने 2008 मध्ये उलट टोकाने धरलं : किराण्याचा परवाना हवा तर दूध, भाजी, धान्य ठेवलंच पाहिजे, नुसत्या चिप्सवर परवाना नाही. हे मला पटलं. तिकडे दुकान यावं म्हणून नियम वाकवतात. मी तर काहीच मागत नव्हतो, जादा मजला नको, सवलत नको. फक्त कुलूप काढा.

ग्रामसभेत माझ्या दुकानाच्या बाजूने ठराव आला तेव्हा वरच्या वाडीतल्या काकी उठल्या. त्या सभेत कधी बोललेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "मी काय रोज एसटीनं मीठ आणू? बाबू, दुकान कदी उघडनार?" एवढंच बोलून बसल्या. ठराव झाला, शेठच्या वाडीतल्या तिघांनीही हात वर केले. परवानगीचा आदेश 2014 च्या जानेवारीत आला. दुकान उघडलं त्या दिवशी काकी पहिल्या आल्या, कनवटीचे 312 रुपये काढून गल्ल्यावर ठेवले. भिजलेल्या वहीत त्यांची उधारी किती होती हे मला माहीत नव्हतं. त्यांनी भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवल्या होत्या.

पुढची पाच-सहा वर्षं धंदा चालला. 12 लाखांच्या आतली उलाढाल, अन्न परवान्याची वर्षाची 100 रुपयांची नोंदणी, नवीन शॉप अ‍ॅक्टची नुसती ऑनलाइन सूचना. सांगण्यासारखं काही नाही. फ्रीज घेतला.

मधे जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन घरासाठी एनए झाल्यासारखीच. शेठने त्या पट्ट्यात मुलासाठी घर बांधलं आणि पुढच्या खोलीला शटर लावलं. घर म्हणून कागद, दुकान म्हणून फलक. मी तक्रार केली नाही. बायको म्हणते करायला हवी होती.

लॉकडाऊनमध्ये चाकरमानी आले, सड्यावर माणसं दुप्पट झाली. तेव्हा मी गूळ सोडून कशालाच नाही म्हटलं नाही. पण खरा प्रसंग पुढच्या वर्षीचा. 22 जुलै 2021, चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. आमचे ठोकवाले तिथलेच, त्यांची गोदामं चिखलात. शेठ रोज टेम्पोने माल आणणारा, आगोट भरणं त्याला जुनाट वाटायचं. चौथ्या दिवशी त्याच्या फळ्या रिकाम्या. माझ्याकडे 22 पोती तांदूळ होता.

सातव्या दिवशी शेठचा मुलगा टेम्पो घेऊन सड्यावर आला. खाली मान घालून म्हणाला, "काका, बाबांनी दोन पोती मागितलीत." मी सळी खुपसून तांदूळ दाखवला, त्याच्यासमोर पोती जोखली, खरेदीच्या भावाने बिल केलं. बिलावर शेठचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

ते बिल गल्ल्यात, नोटिशीच्या कागदाशेजारी आहे. पैसे अजून यायचेत.