पुराचं पाणी निळं नसतंय

गेल्या वर्षीपर्यंत पोस्टरचे गुण मी घरी बसून द्यायचे. ४२ कार्डशीटांचा गठ्ठा पुढ्यात असायचा आणि चमकी, वळणदार अक्षर, प्रिंट काढून चिकटवलेली चित्रं असलेली पोस्टरं आपोआप वर यायची. त्यातली बरीच घरच्या मोठ्यांनी केलेली असायची. मला ते कळायचं, तरी 'सुंदर काम' अशी नोंद करून मोकळी व्हायचे.

यंदा सातवीला पोस्टर आणि कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं चित्र, या दोन्हींसाठी 'पंचगंगेचा पूर' हा विषय दिला आणि सगळं काम वर्गातच करून घेतलं. जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, खोक्यांचे पुठ्ठे मुलांनीच आणले. कात्री हातात घेण्याआधी निकष ठरवले, तेही मुलांना विचारून. शेवटच्या बाकावरून वाचता येतं का, मुद्दा एकच आहे का, माहिती बरोबर आहे का, मांडणी मोकळी आहे का. प्रत्येकी ५ गुण. हे पोस्टरसाठी. कोलाजला हा तक्ता चालत नाही. तिथं हाच कागद का घेतला आणि तुकडे मिळून काय सांगतात, हे बघायचं. इतकी वर्षं मी दोन्हींना एकच माप लावत होते, याचं फार वाईट वाटलं.

सगळ्यात देखण्या पोस्टरवर कोल्हापूरचा राजाराम बंधारा होता, जिथं पंचगंगेच्या पाण्याची पातळी मोजतात, आणि खाली ठळक अक्षरांत 'धोका पातळी ३९ फूट'. ३९ ही इशारा पातळी. धोका ४३ फुटांवर. मांडणीला ५, माहितीला १. पोरगा रडवेला झाला. पोस्टर त्याला परत दिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं वर पट्टी चिकटवून दोन्ही आकडे नीट लिहून आणले, तेव्हा गुण वाढवले. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनात, एवढी सवड मुलाला मिळालीच पाहिजे.

गुण देण्याआधी प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल मिनिटभर बोलायचं, असंही ठरलं होतं. ते नसतं, तर कुंभार गल्लीतल्या एका मुलीचं कोलाज मागेच राहिलं असतं. अर्धा कागद फाडलेल्या खाकी पुठ्ठ्यानं भरलेला, वरच्या कडेला लग्नपत्रिकेचे लाल-पिवळे बारके तुकडे. मी विचारलं, "यात पाणी कुठाय गं?"

"हेच की, बाई. पुराचं पाणी निळं नसतंय."

वरचे तुकडे म्हणजे माळ्यावर चढवलेले गणपती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा गणेश चतुर्थी महिन्याभरावर आली होती. पुठ्ठा कापला का नाहीस, विचारलं. म्हणाली, कात्रीनं कडा सरळ येते, पाण्याला सरळ कड नसते.

तिच्या नोंदीत लिहिलं, 'रंग पाहिलेल्या गोष्टीवरून निवडते, कृतीमागचं कारण सांगते.'

४२ मुलांच्या बोलण्यात ३ तासिका गेल्या. मागे पडलेला गणिताचा पाठ शनिवारी घेतला.